दोन्ही बाजूंच्या खुर्च्या

सोमवार, २

ही वही हिनं आणून दिली. "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही," म्हणाली. "जे काही सुचेल ते यात लिहा, म्हणजे रस्त्यावर सांडणार नाही." बायको आहे, तिला बोलायचा अधिकार आहे. शिवाय ते खरंही आहे. गेल्या महिन्यात औषधवाल्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मी सगळ्या गल्लीला सांगितलं आणि औषधवाल्याला ते गल्लीकडून कळलं.

माझा खुर्च्यांचा धंदा. लग्न असो, नाटक असो नाहीतर शोकसभा, खुर्च्या, माइक आणि कर्णे माझ्याकडून भाड्यानं जातात. सभागृहाच्या मागेच आमचं घर आणि गोदाम, म्हणून सभागृहाच्या तारखाही मीच देतो. गावात मला सगळे 'खुर्चीवाले' म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांना व्यासपीठावर बसवलं आणि स्वतः शेवटच्या रांगेच्या मागे उभा राहिलो, कारण सभा संपली की खुर्च्या रचायच्या असतात. याचं मला वाईट वाटत नाही. म्हणजे, थोडं वाटतं.

युद्ध सुरू झाल्यापासून धंद्याला बरकत आहे. युद्ध लांब तिकडे आहे, इथे फक्त सभा आहेत. एक दिवस युद्धाच्या बाजूवाल्यांची, एक दिवस विरोधवाल्यांची. खुर्च्या परत आल्या की कुणाची सभा होती ते मी न विचारता सांगतो. बाजूवाले मागे रेलून झुलतात, त्यामुळे मागचे पाय ढिले होतात. विरोधवाले खुर्च्या उचलून गोल मांडतात आणि तशाच टाकून घरी जातात.

आज दुपारी मागच्या दारानं बारक्या आला! माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणी किडकिडीत होता म्हणून बारक्या, आता आमच्या दारातून वाकून आत येतो. फौजेत आहे, तिकडेच होता. "रजा मिळाली मामा," म्हणाला. गणवेश नाही, हातात एक लहानशी पिशवी, बूट चिखलानं भरलेले. "आईला कळवू नकोस हं, मीच नंतर जाईन." पोरगं आईला चकित करणार आहे. मी म्हटलं, माझ्याकडून शब्द. ही माझ्याकडे बघत राहिली आणि संध्याकाळी वही घेऊन आली.

बुधवार, ४

बारक्या घराबाहेर पडत नाही. चल, चौकात चहा घेऊ म्हटलं तर "नको मामा, थकलोय." न्हाव्याला घरी बोलावतो म्हटलं तर तेही नको. दाढी वाढवतोय. फौजेत रोज घोटून काढावी लागत असणार, हौस राहिली असेल बिचाऱ्याची.

दिवसभर गोदामात बसून मोडक्या खुर्च्या दुरुस्त करतो. हात चांगला आहे. पायाचा खिळा काढून तिथे स्क्रू बसवतो, मग खुर्ची सुलटी करून तिच्यावर स्वतः बसून बघतो. मी म्हटलं, "अरे, देशासाठी लढणारा माणूस तू, माझ्या खुर्च्या कसल्या ठोकतोस?" तर म्हणाला, "हे बरं आहे मामा. ठोकलं की कायतरी नीट होतं."

काय नम्रता! बाजूवाल्यांचे पुढारी आमचे लाकूडवाले, त्यांनी शिकावं याच्याकडून.

शनिवार, ७

धाकटीचा फोन. रडवेली होती. "दादा, बारक्याचा तुला काही फोन? काल दोन माणसं घरी आली होती त्याची चौकशी करायला." मी म्हणणार होतो, अगं वेडे, तो इथे... पण हिनं फोन माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि आत जाऊन दार लोटून बराच वेळ बोलली. बाहेर आली तर डोळे लाल.

बायकांचं हे असं. मला उलट कौतुक वाटलं. फौजी खात्याची माणसं घरी जाऊन विचारपूस करतात म्हणजे किती आस्था! माझ्या खुर्च्या पंचवीस वर्षं नगरपालिकेला जातायत, एक माणूस कधी विचारायला आला नाही.

मंगळवार, १०

बोंबला. येत्या २२ तारखेच्या रविवारी सभागृह आणि सगळ्या खुर्च्या मी दोन्ही बाजूंना देऊन बसलो आहे.

झालं असं की हेडमास्तर रस्त्यात भेटले. निवृत्त झालेत, विरोधवाल्यांचे पुढारी. म्हणाले, बावीस तारीख. मी "हो" म्हटलं. नंतर लाकूडवाले दुकानात आले, तेव्हा हिनं विचारलेल्या भाजीचा विचार डोक्यात होता, त्यांनाही "हो" म्हटलं. लाकूडवाल्यांना गावात सेनापती म्हणतात. फौजेत कधी नव्हते, पण मिशा आहेत. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा नाही.

आता एकाला नाही म्हणावं तर मी त्या बाजूचा शत्रू. दोघांनाही पुढे ढकला म्हणावं तर दोघांचाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गुरुवार, १२

सुटलो! इतकंच नाही, मी आज इतिहास घडवला.

दोघांनाही एकाच वेळी दुकानात बोलावलं, चहा पाजला आणि चूक सांगून टाकली. मग जी जुंपली!

"तुमचं हे सैनिकांना पाठिंबा आणि युद्धाला विरोध म्हणजे काय आहे ठाऊक आहे?" सेनापती म्हणाले. "जावई लाडका आणि लग्न नामंजूर. असं कसं चालेल हो?"

"न चालायला काय झालं? माझ्या घरात चाललंय," हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या मुलीनं पळून लग्न केलंय. "मूल विहिरीत पडलं तर मुलाला बाहेर काढायचं की विहिरीचा जयजयकार करायचा?"

"आणि पोरगं तिकडे जिवावर उदार झालेलं असताना तुम्ही इथून ओरडणार, अरे तू करतोस ते चूक आहे! काळीज खचणार नाही त्याचं?"

"काळीज आपल्या बोलण्यानं खचत नाही. तिथे जे करावं लागतं, त्यानं खचतं."

आत गोदामात बारक्याचा हातोडा थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला. खिळे संपले असतील.

आणि त्या ठोक्यांवरूनच मला सुचलं! म्हटलं, मंडळी, तुमचं भांडण युद्धावरून आहे. सैनिकावर तर दोघांचंही प्रेम आहे ना? मग एकच सभा घ्या. आधी तुम्हा दोघांची भाषणं, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी मिळून एका खऱ्याखुऱ्या सैनिकाचा सत्कार. "आणि सैनिक कुठून आणणार?" सेनापतींनी विचारलं. मी फक्त हसलो. मग बारक्याचं सांगून टाकलं.

दोघांनी एकेक अट घातली आणि गंमत म्हणजे अट एकच निघाली. सैनिकानं युद्धाबद्दल काही बोलू नये. हेडमास्तरांना वाटतं तो युद्धाची बाजू घेईल, सेनापतींना वाटतं तो भलतंच काही बोलेल. जेवण कसं असतं, थंडी किती पडते, एवढं बोलावं आणि बसावं.

आणि अध्यक्ष कोण? हेडमास्तरांना सेनापती नकोत, सेनापतींना हेडमास्तर नकोत. शेवटी दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

हिला अजून सांगितलं नाही. बारक्यालाही नाही. या वेळी मी तीळ भिजवूनच दाखवतो!

शुक्रवार, १३

सत्कार म्हटला की खात्याचा कुणी मोठा माणूस हवाच. लष्करी कचेरीत फोन लावला. पलीकडच्या कारकुनाचा आवाज आधी कंटाळलेला होता. मी बारक्याचं नाव आणि पलटण सांगितल्यावर एकदम "जरा थांबा हं" म्हणाला आणि कुणीतरी साहेब फोनवर आले. काय ती अदब! "तो सध्या तुमच्याकडेच राहतो का? पत्ता सांगता? कधीपासून? घरात आणखी कोण असतं?" मी सगळं सविस्तर सांगितलं. मागचं दार कुठल्या गल्लीत उघडतं इथपर्यंत विचारलं त्यांनी.

"सत्काराचं त्याला माहीत आहे?"

"छे हो! त्याला सरप्राइज आहे."

"उत्तम," साहेब म्हणाले. "सांगूच नका. आम्ही नक्की येऊ."

आमची नगरपालिका, आणि हे लोक. शिस्त म्हणजे काय ते अशा वेळी कळतं.

सोमवार, १६

पोस्टर छापून आली. भिंतीवरचा बारक्याचा गणवेशातला फोटो मी गुपचूप काढून दिला होता. (ही विचारत होती, फोटो कुठे गेला. म्हटलं काच तडकली.) फोटोखाली काय लिहायचं यावरून तीन दिवस गेले. सेनापतींना 'आमचे शूर रक्षक' हवं, हेडमास्तरांना 'आमची मुलं घरी आणा' हवं. शेवटी काहीच लिहिलं नाही. नुसता फोटो, तारीख, वेळ, आणि खाली 'अध्यक्ष' म्हणून मी. सगळ्या मोठ्या रस्त्यावर लावलीत. पेपरातही फोटो आला. तो अंक मी घरी येऊ दिला नाही.

बुधवार, १८

दैनंदिनीत खोटं लिहायचं नसतं म्हणतात, म्हणून लिहितो. आज एक शंका आली.

रजा किती दिवसांची असते? जेवताना सहज विचारलं. बारक्यानं मामीकडे बघितलं. मामी म्हणाली, "वाढवून मिळाली त्याला." आता, रजा त्याची, उत्तर हिचं. आणि घरी फोन येत नाही, कागद येत नाही, मग वाढवून दिली कुणी आणि कळवली कशी?

घास हातात धरून मी बराच वेळ विचार करत बसलो. मग म्हटलं, पोस्टर तर लागली आहेत. आणि सेनापतींनी आजच मला हाक मारली, "काय अध्यक्ष!" आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा शंका पुढे नेली नाही. खात्याला माहीत नसतं तर ते यायला कसे तयार झाले असते?

शनिवार, २१

ही आज मोठ्या रस्त्याला गेली. भाजी न घेताच परत आली. हातात माझं पोस्टर, खांबावरून उपटलेलं.

"हे काय आहे?"

मग मी सगळं सांगितलं. किती दिवस पोटात ठेवलं होतं! संयुक्त सभा, सत्कार, माझं अध्यक्षपद. धाकटीलाही उद्या सकाळच्या गाडीनं बोलावलंय, मायलेकांची भेट इथेच होईल.

"आणखी कुणाकुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना! लष्करी कचेरीत सुद्धा. साहेब स्वतः येणार आहेत."

ही मटकन खाली बसली. आनंदानं माणसं अशी बसतात, मी सभांमधून पाहिलंय. पण ती अशी पांढरी पडत नाहीत.

"सभा रद्द करा."

"अगं, दोन्ही बाजूंना शब्द दिलाय. आणि कारण काय सांगू?"

"कारण मला विचारू नका. तुम्हाला माहीत नसलेलंच बरं. उद्या कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागेल, आणि तुम्हाला ते जमत नाही."

हा अपमान होता की कौतुक, ते मला अजून कळलेलं नाही. रागानं मी दुकानात येऊन बसलो. गोदामातून दोघांचे आवाज येत होते. ही म्हणत होती, "आत्ताच्या आत्ता नीघ रे बाबा." आणि बारक्या म्हणाला, "आई सकाळी येतेय ना मामी. एकदा बघतो तिला. मग जातो."

जातो म्हणजे कुठे? आणि सत्कार?

रविवार, २२

आज काही लिहीत नाही.

मंगळवार, २४

लिहायला हवं. ही माझ्याशी बोलत नाही, तेव्हा ही वहीच राहिली.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. उजवीकडे बाजूवाले, डावीकडे विरोधवाले, मध्ये मोकळी वाट. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत मी. तीच खुर्ची मी हजार वेळा वाहिली असेन, बसलो पहिल्यांदा. दोघांची भाषणं झाली. जावई झाला, विहीर झाली. लोक एकमेकांवर ओरडायला लागले आणि मी माइकवर "शांतता, शांतता" म्हणत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती.

तेवढ्यात गणवेशातले दोघे आत आले. इस्त्री अशी की नजर ठरेना. सभागृह गप्प झालं. मी माइकवर जाहीर केलं की आपल्या सत्कारमूर्तीला मानानं घेऊन यायला खुद्द खात्याची माणसं आली आहेत. सगळे उठून उभे राहिले. दोन्ही बाजू, एकदम! अशा टाळ्या त्या सभागृहात कधी वाजल्या नसतील.

साहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तो कुठे आहे?"

मी म्हटलं, "लाजाळू आहे हो. चला, मी दाखवतो."

मी दाखवतो. हे माझेच शब्द. मी पुढे, ते दोघे मागे, त्यांच्यामागे टाळ्या वाजवत अर्धी सभा. मागच्या गल्लीत दाराशी आणखी दोघे आधीच उभे होते. मी मनात म्हटलं, केवढा लवाजमा पाठवलाय!

गोदामाचं दार मीच उघडलं. आत रचलेल्या खुर्च्यांमध्ये बारक्या आणि धाकटी बसली होती. गाडीला उशीर झाला होता, ती नुकतीच आलेली. तिनं त्याचे दोन्ही हात धरले होते. ही पाठमोरी उभी राहून पिशवीत पाव बांधत होती.

बारक्यानं आधी गणवेश बघितले, मग मला बघितलं. मला वाटलं होतं तो हसेल. तो उठला. पळाला नाही. साहेबांनी त्याचा दंड धरला, अगदी हलक्या हातानं, नवरदेवाला धरतात तसा. बाहेर लोकांनी दोन रांगा केल्या. कुणीतरी फुलं टाकली. सेनापतींनी कडक सलाम ठोकला. हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांच्या मधून तो चालत गेला, दोघे दोन बाजूंना, आणि टाळ्या काही थांबेनात.

गाडीशी तो थांबला आणि मागे वळून म्हणाला, "मामा, मागच्या रांगेतल्या खुर्च्यांचे पाय अजून ढिले आहेत. म्हाताऱ्या माणसांना तिथे बसवू नकोस."

मग धाकटी किंचाळली. तेव्हा टाळ्या थांबल्या. दार लागलं आणि गाडी गेली. त्या दाराला खिडकी नव्हती.

हिनं मला एकच वाक्य सांगितलं. "तो रजेवर नव्हता हो. पळून आला होता."

लोक परत आत जाऊन बसले. सत्कारमूर्ती नसली तरी ठराव होता. 'ही सभा आपल्या सैनिकांच्या पाठीशी ठामपणे उभी आहे.' एकमतानं मंजूर झाला, आणि अध्यक्ष म्हणून माझी सही घेतली. मी केली. हात आपोआप चालला. मग खुर्च्या रचल्या. रचता रचता मी त्या मागच्या रांगेतल्या एका खुर्चीत बसलो. ती लटपटत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर पत्ता देऊन केलं.

गुरुवार, २६

आज मी पहिल्यांदा काही मागायला दोघांकडे गेलो. वकिलानं सांगितलंय, गावातल्या प्रतिष्ठित माणसांनी दयेचा अर्ज केला तर शिक्षा कमी होऊ शकते. म्हटलं, ठराव तर ताजाच आहे.

सेनापतींनी चहा दिला. "खुर्चीवाले, तुमचं दुःख मला कळतं. पण आमचा पाठिंबा सैनिकांना आहे. तो आता सैनिक राहिला कुठे? पळपुट्यासाठी सही केली तर तिकडे उभ्या असलेल्या पोरांना काय वाटेल?" परवा खुर्चीवाल्याचा अध्यक्ष झाला होता, आज परत खुर्चीवाला.

हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या घरात चहा झाला नाही, पण सुस्कारे भरपूर झाले. "तो बरोबर आहे हो. मनातून मी त्याच्या पायाच पडतो. पण आम्ही आधीच सांगून सांगून थकलोय की आम्ही सैनिकांच्या विरोधात नाही. आता पळून आलेल्याच्या अर्जावर आमची सही दिसली की ते म्हणणार, बघा, हेच यांचं खरं रूप. चळवळीला ते परवडणार नाही. तुम्ही समजून घ्या."

मी दोघांनाही समजून घेतलं. फाटकाबाहेर येऊन घेतलं. मग घरापर्यंत दोघांनाही इतक्या शिव्या घातल्या की एक कुत्रं माझ्यासोबत चालत होतं ते वळून गेलं.

एवढे लोक उभे राहून त्याच्या पाठीशी होते. आज अर्जावर सह्या तीन. मी, ही आणि धाकटी.

शनिवार, २८

हेडमास्तर आले. पुढच्या रविवारी 'सैनिकांच्या मनावरील ताण' या विषयावर सभा आहे, खुर्च्या हव्यात. ते गेल्यावर सेनापती आले. त्याच रविवारी 'पळपुटेपणाचा निषेध', खुर्च्या हव्यात.

दोघांनाही एकच उत्तर दिलं. "नाहीत. बाहेर गेल्यात."

"सगळ्या?" सेनापतींनी गोदामाकडे मान वाकडी करून बघितलं. तिथे छपरापर्यंत रांगा.

"कामाच्या सगळ्या," मी म्हटलं.

ही आत होती. तिनं ऐकलं असावं. संध्याकाळी माझ्यासमोर चहा ठेवताना म्हणाली, "साखर कमी आहे, बघून घ्या." रविवारपासूनचं पहिलं वाक्य. मी तो चहा साखरेशिवाय प्यालो आणि इतका गोड चहा मी आजवर प्यालो नाही.

सोमवार, ३०

बारक्याला ठेवलंय त्या छावणीचं फाटक गावाबाहेर आहे. धाकटी रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहते. भेटू देत नाहीत. दिवसभर उभी राहून तिचे पाय सुजलेत, पण तिथून हलायला तयार नाही. म्हणते, "आतून दिसत असेन तर दिसू दे."

आज मी हातगाडीवर तीन खुर्च्या टाकल्या. बारक्यानं दुरुस्त केलेल्याच निवडल्या. ही न विचारता बरोबर निघाली. फाटकासमोर नेऊन मांडल्या आणि धाकटीला धरून बसवलं. खुर्ची जरासुद्धा कुरकुरली नाही.

फाटकावर एक पहारेकरी होता. बारक्याच्याच वयाचा असेल, उन्हानं भाजलेला. तो धावत आला. "काका, इथे सभा घ्यायला बंदी आहे."

"सभा नाही."

"मग खुर्च्या कशाला? तुम्ही बाजूचे की विरोधातले?"

"मी मामा आहे," मी म्हटलं. "ही आई, ही मामी."

याचं काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो आत विचारायला गेला, परत आला, म्हणाला, "त्या पांढऱ्या पट्ट्याच्या मागे बसा." आम्ही पट्ट्याच्या मागे बसलो. थोड्या वेळानं मी त्याला माझी खुर्ची देऊ केली. "नाही काका, उभं राहायचीच ड्यूटी आहे." पण हिनं पुढे केलेलं पाणी त्यानं इकडेतिकडे बघून पटकन प्यायलं.

दुपारी धाकटीचा तिथेच बसल्या बसल्या डोळा लागला. तेव्हा हिनं मला सांगितलं. बारक्या तिथून का निघून आला. त्याला काय करायला सांगितलं होतं, आणि त्यानं काय केलं. समोर फाटकाकडे बघत, हळू आवाजात बोलत होती. सांगून झाल्यावर "कुणाला बोलू नका" असं ती नेहमी म्हणते. आज म्हणाली नाही.

परत येताना औषधवाल्यानं हटकलं. "काय खुर्चीवाले, पोरगं पळालं तरी कशाला? काही कळलं का?" चारजण कान टवकारून उभे होते.

मी म्हटलं, "ऊन फार आहे हो आज," आणि हातगाडी पुढे ढकलली.

हिनं जे सांगितलं ते या वहीतही लिहीत नाही.